वातीची कुळकथा

दिवाळीच्या फराळाची चौकशी घरोघर होते. चकलीला काटा कोणाच्या हातचा, अनारशाला जाळी कशी पडली, यंदाचा चिवडा सादळला का, या प्रश्नांवर चार घरच्या चार बायका एकत्र आल्या की अर्धा दिवस सहज जातो. पणतीच्या मातीबद्दलही कोणी दोन शब्द बोलेल. पण पणतीत जी वात जळते ती कोणी वळली, कोणत्या कापसाची वळली, हे विचारलेले सहसा ऐकू येत नाही. विचारायला जावे तोवर ती जळून गेलेली असते. यंदा या वातीचीच कुळकथा सांगावी, जाता जाता ती घरी कशी वळावी तेही सांगावे, आणि तिच्याखालचा दिवा घरच्या घरी कसा करावा व विझल्यावर कसा खावा, इथपर्यंत वाचकांना न्यावे असा विचार आहे.

ही कथा सांगायला यवतमाळ जिल्ह्यातले राळेगाव सोयीचे आहे. वर्धा नदी या तालुक्याची एक शीव. नदीपलीकडे वर्धा जिल्हा लागतो आणि एके काळी ज्याच्या नावाने उत्तम कापूस ओळखला जाई ते हिंगणघाटही त्याच बाजूला. जमीन काळी, बहुतेक कोरडवाहू. पीक कापसाचे, जोडीला तूर, अलीकडे सोयाबीन. पुण्यामुंबईकडे वातीचा कापूस वाण्याकडून पुडक्यात येतो. राळेगावच्या बाजूला दसरा उलटला की तो शेतात उमललेला दिसतो. बोंडे फुटण्याचे आणि दिवे लावण्याचे दिवस एकच. तेव्हा वातीचे माहेर शोधायचे तर याच मुलखात यायला हवे.

आधी नावाचे पाहू. 'वात' हा शब्द संस्कृत 'वर्ति'पासून आला. हिंदीतली 'बत्ती' त्याच घरची. मुळात 'वृत्' हा धातू आहे आणि त्याचा अर्थ फिरणे, वळणे. म्हणजे कापसाला पीळ देण्याची जी क्रिया आहे तीच या वस्तूचे नाव होऊन बसली. दिवा मातीचा असो, पितळेचा असो की कणकेचा, त्याच्या घडणीवर त्याचे नाव बदलते. निरांजन, समई, पणती, लामणदिवा अशी ती नावे वेगवेगळी. वात मात्र सगळीकडे वातच राहते.

कापूस माणसाच्या हाताला किती जुना आहे याची एक खूण आपल्याच महाराष्ट्रात सापडली. नेवासे येथील उत्खननात लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या भोकात अडकून राहिलेल्या दोऱ्याच्या तुकड्यात कापसाचे तंतू ओळखता आले. हा दोरा सुमारे तीन हजार वर्षांचा. त्या काळी चरखा नव्हता. सूत निघे ते चातीवर किंवा टकळीवर. ज्या आईने किंवा आजीने तो दोरा कातला असेल तिच्या बोटांना वातही वळता येत असणार, असे म्हणायला पुराव्याची गरज नाही. कापूस फुलवून त्याला चिमटीत पीळ द्यायचा, तो लांबवत नेला तर सूत होते, बोटभर ठेवला तर वात होते.

दुसरी खूण अजिंठ्याची. तिथल्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांत कापसाची सरकी काढण्याचे काम अभ्यासकांनी ओळखले आहे. सपाट पाट्यावर कापूस ठेवायचा आणि त्यावरून रूळ फिरवायचा, की दाबाने सरकी मागे सरते आणि रुई पुढे निघते. आपल्या स्वयंपाकघरातले पोळपाट-लाटणे डोळ्यांपुढे आणावे म्हणजे हे यंत्र समजले. पुढे दोन रुळांची चरखी आली. एक रूळ एकीकडे फिरतो, दुसरा दुसरीकडे, मधल्या फटीतून रुई जाते आणि सरकी अलीकडेच पडते. ही चरखी सरकी काढायची. सूत कातायचा तो चरखा निराळा. नावे सारखी असल्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो.

चरखा मात्र आपण समजतो तितका पुरातन नाही. तो बाहेरून आला आणि त्याचा आपल्या देशातला अगदी आरंभीचा निश्चित उल्लेख 1350 साली पुऱ्या झालेल्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्यात सापडतो, असे इतिहासकार मानतात. कवी इसामी हा दिल्लीहून दौलताबादेस आणलेल्या लोकांपैकी एक. म्हणजे चरख्याची पहिली नोंद करणारा माणूस आपल्या दख्खनेत बसून लिहीत होता. त्याने ती केली कशासाठी, तर रझिया सुलतानेला नावे ठेवण्यासाठी! बाईने सिंहासनावर बसू नये, चरख्यापाशी बसावे, असा त्याचा भाव. चरख्याचा इतिहास आपल्याकडे असा बाईला जागा दाखवून देण्यापासून सुरू होतो, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातल्या एखाद्या कुणब्याच्या घरी हिवाळ्यात काय चाले ते पाहू. वेचणीला बायका जात. त्यांची मजुरी पुष्कळदा कापसातच मिळे. वेचलेल्यातला ठरलेला वाटा ओटीत घालून त्या घरी येत. हा कापूस ओसरीवर चरखीतून निघे. सरकी गाईबैलांच्या आंबोणात जाई, थोडी पुढच्या पेरणीसाठी गाडग्यात राही. पिंजारी धुनकी घेऊन गावात येई, रुई पिंजून देई. तिचे पेळू होत, पेळूचे सूत होई आणि सूत गावच्या कोष्ट्याकडे किंवा महार विणकराकडे जाऊन त्याचे जाडेभरडे कापड घरी परत येई. शेतापासून अंगावरच्या वस्त्रापर्यंतचा हा प्रवास फार तर एकदोन गावांच्या शिवेत संपे. आणि या सगळ्या कामात, पेळू करताना उरलेली चिमूटभर रुई देवघराच्या कोनाड्यात पडे. तिची वात होई. कोणी मुद्दाम वातीसाठी कापूस बाजूला काढीत नसे. वात ही त्या मोठ्या कामाची शेवटची चिमूट होती.

हा प्रपंच मोडला तो फार थोड्या वर्षांत मोडला. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यात आजचा यवतमाळ जिल्हा होता. त्याचे नाव पुढे वणी जिल्हा असे पडले आणि 1905 पर्यंत तेच राहिले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपुराकडे वळली. लवकरच या भागासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस कमिशनर नेमले गेले. या गृहस्थांचे सरकारी अहवाल वाचण्यासारखे आहेत, कारण त्यात लपवाछपवी नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. आगगाडी आली की विलायती कापड येथे स्वस्त होईल. ते स्वस्त झाले की येथले लोक कातणे-विणणे सोडतील. मग जो कापूस घरात सुतासाठी अडकून पडतो तो बंदराकडे मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील.

आपल्याकडे पुष्कळदा असे म्हणतात की यंत्र आले आणि घरची कारागिरी आपोआप मेली. वऱ्हाडच्या बाबतीत हे 'आपोआप' मला पटत नाही. निदान एका मोठ्या अधिकाऱ्याने तरी ती जावी अशी इच्छा आधी लिहून ठेवली होती, आणि पुढे झाले ते बहुतांशी त्या इच्छेबरहुकूम झाले.

1870 साली खामगावची रेल्वेची शाखा सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसाच्या एका बाजारपेठेसाठी देशाचा सत्ताधीश येतो यावरून त्या कापसाचे मोल कळावे. नंतर मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी यवतमाळला पोचली. पुढे हिलाच लोक 'शकुंतला' म्हणू लागले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गावोगाव उभे राहिले. त्यातले यंत्र मॅकार्थी याने 1840 साली अमेरिकेत काढलेल्या रुळाच्या रेच्याच्या घराण्यातले. आजही आपल्याकडच्या जिनांत त्याच घराण्याचे दुहेरी रुळांचे यंत्र चालते. म्हणजे अजिंठ्याच्या बाईचा रूळ गेला नाही, तो कारखान्यात गेला. घरात मात्र चरखी राहिली नाही, पिंजाऱ्याची धुनकी गाद्या-रजयांपुरती उरली, चरखा माळ्यावर गेला आणि नंतर चुलीत गेला. कापूस शेतातून थेट बैलगाडीने बाजाराला जाऊ लागला. मजुरीही पैशांत मिळू लागली.

या पडझडीत घरात उरली ती एकटी वात.

ती का उरली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. धर्म हे एक कारण आहे. देवापुढची वात सोवळ्यात, घरच्या बाईने वळलेली असावी असा समज होता. पण धर्म सांगतो म्हणून टिकलेल्या सगळ्याच गोष्टी इतक्या टिकल्या नाहीत. खरे कारण मला साधे वाटते. वातीला हत्यार लागत नाही. चरखी मोडली तर सुतार हवा, चात वाकली तर लोहार हवा. वातीला बोटे पुरतात. शिवाय तिचे मोल इतके थोडे की कोणा गिरणीवाल्याला तिच्यात रस नव्हता. जे काम बाजाराने घेण्याजोगे मानले नाही तेच घरात राहिले. म्हणून राळेगावच्या ओसरीवर एखादी म्हातारी फुलवात वळत बसलेली दिसली तर ती कापसाच्या सगळ्या जुन्या धंद्याचा शेवटचा धागा हातात धरून बसलेली असते.

घरची कारागिरी परत आणण्याचा मोठा उद्योग या मुलखाच्या अगदी शेजारी झाला. वर्धा नदी ओलांडून गेले की वर्धा, तिथली मगनवाडी, पुढे सेवाग्राम आणि पवनार. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 च्या डिसेंबरात स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम निघाली. पुढे पुष्कळ शाळांतल्या मुलांच्या हाती टकळी आली. 1938 च्या 30 डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, ते आजही पाहता येते. मगनवाडीत हातकागद झाला, घाणीचे तेल झाले, सुधारलेली चूल झाली आणि रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा 'मगन दीप' नावाचा कंदीलही झाला. कुमारप्पांचे म्हणणे असे की गावाभोवतीच्या झाडांचे तेल वाया जावे आणि दिव्यासाठी परदेशचे रॉकेल यावे, यात काही तरी चुकते आहे. करंज, मोह, एरंडी ही झाडे राळेगावच्या रानात कमी नाहीत.

या चळवळीबद्दल आदर बाळगूनही एक म्हणावेसे वाटते. तिने सुताच्या गुंड्या मोजल्या, वाती मोजल्या नाहीत. टकळी शिकवावी लागली, तिच्यासाठी परिषदा भराव्या लागल्या. वात कोणी कोणाला शिकवावी लागत नव्हती. पुस्तकांचेही तसेच. मराठीत पाककृतींचे 'सूपशास्त्र' 1875 सालीच छापून निघाले, 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या घरोघर वापरले गेले. वात मात्र पुस्तकावाचून आजीकडून नातीकडे चालत राहिली.

आणि चालली ती किती! चातुर्मासात लक्षवातीचा नेम धरणाऱ्या बायका असत, अजूनही कुठे कुठे असतात. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी म्हणजे सुमारे 120 दिवस. एक लाख वाती त्यात बसवायच्या तर रोज आठशेच्या वर वळाव्या लागतात. घरचे सगळे आवरून, दुपारच्या वेळी, तोंडाने काही म्हणत किंवा शेजारणीशी बोलत. शंभर झाल्या की एक चिंचोका बाजूला. हा नेम पुष्कळदा विधवा बायका धरीत. त्यांना सणाच्या ओवाळण्यात पुढे येऊ देत नसत, पण ओवाळायच्या निरांजनातली वात त्यांनी वळलेली चाले. आपल्या चालीरीतींतल्या या विसंगतीकडे कौतुकाने पाहावे असे मला वाटत नाही.

बाईची आणि शेताची गोष्ट निघाली म्हणजे रावेरीचे नाव यायलाच हवे. राळेगावपासून थोड्याच अंतरावर हे गाव आहे आणि तिथे सीतेचे मंदिर आहे. रामाबरोबरची सीता सगळीकडे असते. येथली सीता एकटी आहे. रामाने टाकलेली सीता याच रानात राहिली, लव-कुश येथेच जन्मले, असे गावकरी सांगतात. बाळंतीण सीतेने पोरांसाठी गावात मूठभर गहू मागितले. ते कोणी दिले नाहीत. तेव्हा या गावात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, आणि कित्येक पिढ्या रावेरीत गहू पिकत नव्हता, अशी ही दंतकथा. शेतकी जाणणारा माणूस म्हणेल की काळ्या कोरडवाहू रानात हिवाळ्यात पाणी नसेल तर गहू यायचा कसा? ते खरेच आहे. पण पाणी नसलेली गावे चहूकडे आहेत. त्यांनी अशी गोष्ट रचली नाही. एका बाईने मागितले आणि गावाने नाही म्हटले, ही आठवण या गावाने गव्हाच्या नावाने जपून ठेवली, याचे मला अधिक मोल वाटते.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन या मंदिराचा जीर्णोद्धार केला. ज्यांनी 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली, त्यांना हेच मंदिर जवळचे वाटावे यात नवल नाही. कपाशीच्या शेतात खुरपणी बाईची, वेचणी बाईची; सातबारा मात्र बहुधा पुरुषाचा.

'सीता' या शब्दाचा मूळ अर्थ नांगराचे तास. विदर्भात कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. देवळातली सीता आणि तासातली सीता एकच की दोन, हे पंडितांनी ठरवावे. वेचणीला जाणाऱ्या बाईच्या मनात त्या दोघी वेगळ्या नसाव्यात.

कापसाचे पुढचे चरित्र थोडक्यात सांगतो. 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून संकरित वाण आला, 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि गाडग्यातली घरची सरकी पेरण्याचे दिवस संपले. बियाणे दर साली पाकिटातून विकत येते. उत्पन्न वाढले, खर्चही वाढला, आणि पाऊस व भाव या दोघांनी मिळून यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे जे केले ते सगळ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचले. 2006 साली पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना घेऊन यावे लागले. सणाच्या अंकात याहून अधिक लिहीत नाही, पण कापसाच्या वातीची कथा सांगताना हे गाळणेही बरे नव्हे.

आता वातही दुकानात आली आहे. वाती वळण्याची छोटी यंत्रे निघाली आहेत, बचत गटांच्या बायका पुडे करून विकतात. चार पैसे त्यांच्या हाती पडतात ही चांगली गोष्ट आहे. मात्र एक हिशेब वाचकांनी करून पाहावा. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. एक भरदार बोंड धरा चार ग्रॅमचे. म्हणजे त्याचे शेतकऱ्याला मिळाले तीस पैसे. कापसात तिसरा हिस्सा रुई, बाकी सरकी. या बोंडाच्या रुईत सहज डझनभर फुलवाती होतात. तुमच्या घरच्या पुड्यावर काय किंमत छापली आहे ती पाहा आणि डझनाचा भाव काढा.

असो. आता हात चालवू.

कापूस शक्यतो सरकीसकट मिळवावा. गावाकडचे कोणी येणार असेल तर पिशवीभर आणायला सांगावा. नाही तर न धुतलेली रुई घ्यावी. औषधाच्या दुकानातला कापूस धुऊन त्याचे मेण काढलेले असते, म्हणून तो पाणी चटकन पितो. मुलांना ही गंमत दाखवण्यासारखी आहे: पाण्याच्या दोन वाट्या घ्या, एकीत शेतातली रुई टाका, दुसरीत दवाखान्याचा कापूस. दुसरा लगेच भिजून खाली बसतो, पहिली कितीतरी वेळ तरंगत राहते. हीच रुई तेलात टाकली तर मात्र ती तेल ओढून घेते. धाग्याधाग्यांतल्या बारीक फटींतून तेल वर चढते आणि टोकाशी जळते. वातीचे सगळे काम एवढेच. म्हणून पीळ फार घट्ट दिला तर फटी बुजतात आणि ज्योत मंद होते, फार सैल ठेवला तर ज्योत मोठी होऊन काजळी धरते. चांगल्या हाताची परीक्षा याच मधल्या पिळात.

सरकी बोटांनी काढावी. पोळपाट-लाटण्याने अजिंठ्याची रीत करून पाहायला हरकत नाही. जमली तर मुले खूष होतात, न जमली तर अधिक खूष होतात. रुई ओढून ओढून ढगासारखी फुलवावी. फुलवातीसाठी रुपयाएवढी चकती तळहातावर पसरावी, कडा मध्यावर आणाव्यात, आणि मधला पुंजका चिमटीत धरून वर ओढत पीळ द्यावा. बोटांना दुधाचा किंवा पाण्याचा ओलावा लावला म्हणजे टोक उभे राहते. काही बायका त्यासाठी चिमूटभर राख वापरतात. बूड पसरट हवे, म्हणजे वात निरांजनात बसते, लवंडत नाही. तूप पातळ करून त्यात वाती बुडवाव्यात आणि ताटलीत गार करून डब्यात भराव्यात. दिवाळीचे चार दिवस आयत्या वेळची धावपळ वाचते.

समईची वात लांब. रुईची वीतभर पट्टी पाटावर ठेवून तळहाताने एकाच दिशेने वळत जावी. दोन्ही दिशांनी चोळली तर पीळ उलगडतो. समईत अशा दोन वाती जोडून लावण्याची रीत आहे. पणतीला बोटभर पुरते. त्रिपुरी पौर्णिमेची वात पुष्कळ पदरांची. काही घरी वर्षाच्या दिवसांइतक्या, म्हणजे 365, काही घरी साडेसातशे. ती आजपासूनच वळायला घ्यावी. काकडआरतीचा काकडा कापडाचा असतो, तो निराळा.

उरलेल्या रुईची देवाची वस्त्रे होतात. बोटाएवढी जाड पट्टी हळूहळू ओढून लांब करावी, दर इंचावर ओल्या बोटांनी पिळून गाठीसारखी बारीक करावी आणि त्या जागी कुंकवाचे बोट टेकवावे. मधले पुंजके फुगलेले राहतात आणि मण्यांची माळ दिसू लागते. हे काम पाच-सहा वर्षांच्या मुलीला आणि मुलालाही सहज येते.

शेवटी दिवा. दिव्यांच्या अवसेला, आषाढात, कणकेचे दिवे करतात. पण नरकचतुर्दशीला किंवा भाऊबिजेला ते करू नयेत असे कोणी सांगितलेले नाही. दोन वाट्या कणीक घ्यावी. पाऊण वाटी गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळावा. कणकेत चिमूटभर मीठ, थोडी सुंठ-वेलदोड्याची पूड आणि दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालून गुळाच्या पाण्याने घट्ट भिजवावी. पाणी एकदम सगळे ओतू नये. अर्ध्या तासाने लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने खळगा पाडावा, कड पातळ करावी आणि एका बाजूला चिमटा घेऊन वातीसाठी चोच काढावी. बूड जाड ठेवावे, नाही तर तूप झिरपते. तूप लावलेल्या चाळणीत किंवा मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटे उकडावेत.

गहू न मिळणाऱ्या रावेरीची आठवण ठेवायची तर ज्वारीचे करावेत. ज्वारीला चिकटपणा नाही म्हणून आधी उकड काढावी लागते: एक वाटी पाण्यात गूळ, मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आली की एक वाटी पीठ घालून ढवळावे, झाकण ठेवून वाफ आणावी, आणि कोमट असतानाच ओल्या हाताने मळून दिवे घडवावेत. हे जरा ओबडधोबड होतात आणि लवकर चिरतात, पण चवीला कणकेच्या दिव्यांहून मला तरी सरस वाटतात.

दिवे निवल्यावर खळग्यात घरचे तूप आणि फुलवात घालून लावावेत. तेल घालू नये, कारण हे दिवे खायचे आहेत. ओवाळून झाले, ज्योत शांत झाली की वातीची जळकी काडी तेवढी काढून टाकावी. तिच्याखालची कणीक तुपाने भिजलेली आणि किंचित करपलेली असते. मुले भांडतात ती त्याच तुकड्यासाठी.